स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) व्यक्ती आणि त्यांच्या कुटुंबांसाठी स्थानिक उपक्रम : अनुदानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावांतले पालक गट, उपनगरांतल्या छोट्या संस्था आणि विशेष शाळांमधल्या ताई यांच्याकडून जे प्रश्न वर्षभर येत राहतात, त्यांची ही उत्तरं. मी अशा गटांचे अर्ज लिहायला आणि तपासायला मदत करते. त्यामुळे नियमांसोबत माझी मतंही इथे येतील. पटतील तेवढी घ्या.

अनुदान नेमकं कशासाठी मागायचं?

दर आठवड्याला घडणाऱ्या गोष्टीसाठी. माझं सगळ्यात ठाम मत हेच आहे.

२ एप्रिलला, म्हणजे जागतिक स्वमग्नता दिनाला, निळे टीशर्ट घालून रॅली काढायला पैसे पटकन मिळतात. मंडप, बॅनर, प्रमुख पाहुणे, फोटो, सगळं एका दिवसात उरकतं. ३ एप्रिलला मात्र तीच आई तिच्या मुलाला घेऊन त्याच चार भिंतींत असते. तिला हवा असतो शनिवारचा दोन तासांचा गट. तिथे मुलगा हात फडफडवत गोल फिरला तरी कुणी वळून बघत नाही, आणि तिला शेजारच्या खोलीत बसून गरम चहा गरम असतानाच पिता येतो.

असे उपक्रम फार महाग नसतात. एसटीने प्रवास करण्याचा सराव. आठवडे बाजारात स्वतः पैसे देऊन भाजी घेणं. केस कापताना मशीनचा आवाज सहन होत नाही अशा मुलांसाठी न्हाव्याशी बोलून सकाळी दुकान रिकामं असताना ठरवलेली वेळ. गणपतीत ढोल-ताशा आणि स्पीकर बंद ठेवून मंडळाने दिलेला एक तास, ज्यात आरडाओरड्याला बिचकणारी मुलंही दर्शन घेऊ शकतात. मे महिन्यात शाळा बंद झाल्यावर दिनक्रम कोसळतो, त्या सुट्टीतला गट. अंगणवाडी सेविकांचं आणि शाळेच्या बसवरच्या मावशींचं प्रशिक्षण. यातल्या एकेका गोष्टीवर पूर्ण अर्ज उभा राहू शकतो.

आम्ही फक्त पाच-सहा पालक आहोत, नोंदणी नाही. आम्हाला काही मिळेल का?

मिळेल, पण थेट तुमच्या हातात बहुधा नाही. पैसे देणाऱ्याला पावती देणारं कुणीतरी लागतं. गावातली विशेष शाळा, वाचनालय, महिला मंडळ, ग्रामीण रुग्णालयाशी जोडलेला एखादा जुना ट्रस्ट अशा नोंदणीकृत संस्थेच्या नावाने अर्ज करा. काम तुम्ही चालवा. मात्र कोणता खर्च कोण मंजूर करणार, हिशेब कोण लिहिणार आणि उपक्रम बंद पडला तर उरलेलं साहित्य कुणाचं, हे आधी कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. चांगल्या माणसांचीसुद्धा याच तीन मुद्द्यांवरून तोंडं फिरतात.

पहिलं वर्ष असं काढलंत तर आपल्याला खरंच स्वतःची संस्था हवी आहे का, हेही कळतं. अनेक गटांना ती नको असते, आणि त्यात काही कमी नाही.

स्वतःची संस्था काढायचीच असेल तर कोणते कागद लागतात?

महाराष्ट्रात बहुतेक जण धर्मादाय कार्यालयात जातात. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली ट्रस्ट, किंवा १८६० च्या कायद्याखाली सोसायटी. सोसायटीसाठी किमान सात सदस्य लागतात. त्यानंतर संस्थेचं पॅन, बँक खातं, प्राप्तिकर विभागाच्या ज्या दोन नोंदण्यांना सगळे १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) म्हणतात त्या, आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक. कंपन्यांचे सीएसआरचे, म्हणजे कायद्याने सामाजिक कामावर खर्च करायचे पैसे हवे असतील तर सीएसआर-१ हा फॉर्म भरून मिळणारा नोंदणी क्रमांक लागतो. १ एप्रिल २०२१ पासून तो बंधनकारक आहे.

दिव्यांगांसाठी संस्था चालवायची तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ खालची नोंदणी वेगळी. ती पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाच्या कक्षेत येते. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या योजना चालवायच्या तर तिथली नोंदणी आणखी वेगळी. सगळं एका वर्षात करायला जाऊ नका. आधी पॅन आणि खातं, मग प्राप्तिकराचे कागद, मग जे दार ठोठवायचं असेल त्या दाराचा कागद.

सीए असा शोधा ज्याने याआधी ट्रस्टचं ऑडिट केलेलं आहे. दुकानांचे हिशेब उत्तम लिहिणारा सीए इथे अडखळतो.

सरकारकडून काय मिळतं?

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते आणि त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात ती सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगतेसोबत आली, आणि २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत तिला स्वतंत्र जागा मिळाली. आपल्या मुलांसाठीच्या योजना वेगवेगळ्या दारांत विखुरलेल्या दिसतात त्यामागे हा इतिहास आहे.

नॅशनल ट्रस्ट नोंदणीकृत संस्थांना दिवसभराची आणि निवासी केंद्रं चालवायला मदत करतो. लहान मुलांसाठी दिशा, दहा वर्षांपुढच्यांसाठी विकास, तात्पुरत्या निवासासाठी समर्थ आणि कायम निवासासाठी घरौंदा ही त्यातली नावं. केंद्राची दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजना विशेष शाळा, लवकर हस्तक्षेप केंद्रं अशा प्रकल्पांना मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत अनुदान देते. ऑनलाइन अर्ज करावा लागतो, जिल्हा आणि राज्याच्या शिफारशी लागतात. हप्ते उशिरा येतात हे धरूनच चाला. सहा महिन्यांचे पगार देण्याइतकी शिल्लक नसेल तर या वाटेला जाऊ नका. दोन शिक्षिकांचे पगार थकले की पहिला फटका मुलांना बसतो, कारण ओळखीची ताई निघून जाते.

राज्यात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याण विभाग स्वतंत्र झाला आहे. तुमच्यासाठी मात्र रोजचा पत्ता म्हणजे जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग किंवा महापालिकेचा दिव्यांग कक्ष.

ग्रामपंचायतीच्या पाच टक्के निधीबद्दल ऐकलं आहे. तो आपल्याला मिळतो का?

स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा, असा शासनाचा निर्णय आहे. हा पैसा सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात दुर्लक्षित आहे. अनेक गावांत वर्षअखेरीस यादीतल्या सगळ्यांना सारखी रक्कम वाटून विषय संपवला जातो. त्या यादीत व्हीलचेअरवरचे आणि दृष्टिहीन गावकरी असतात. स्वमग्न मूल नसतं, कारण त्याचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, निघालेलं नसतं किंवा घरच्यांनी कुणाला सांगितलेलंच नसतं.

म्हणून आधी यादीत नाव घाला. मग ग्रामसभेत विषय मांडा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा तुम्हाला माहीत आहेतच. पण मार्चमध्ये धावपळ करण्यापेक्षा ऑक्टोबरच्या सभेला जा, तेव्हा पुढच्या वर्षाच्या आराखड्याची चर्चा सुरू होते. तोंडी बोलून थांबू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि ठरावात नाव येतं का ते पाहा. मागणी ठोस ठेवा : "समाजमंदिराची खोली दर शनिवारी १० ते १२ विनाभाडे, आणि मदतनीसाचं वर्षाचं मानधन." दोन-तीन शेजारच्या ग्रामपंचायती मिळून एका गटाचा खर्च उचलू शकतात का, हे विचारायला काहीच हरकत नाही. एकेका गावात अशी दोन मुलं असतात, तीन गावं धरली की गट होतो.

एमआयडीसी आमच्या शेजारीच आहे. सीएसआरचे पैसे कसे मागायचे?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचं नेटवर्थ ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एखादी मर्यादा गाठतो, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. विशेष शिक्षण आणि दिव्यांगांसाठीचं कौशल्य प्रशिक्षण कायद्याच्या यादीत स्पष्टपणे आहे. आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही कायदा सांगतो. त्यामुळे तुम्ही उपकार मागायला जात नाही, हे लक्षात ठेवून बोला.

कंपनीच्या एचआरकडे एप्रिल ते जून या काळात जा. फेब्रुवारीत जे मिळतं ते उरलेलं असतं, आणि ते ३१ मार्चपूर्वी संपवायचं असल्यामुळे तुम्हाला नको असलेली वस्तू गळ्यात पडते. आणि हो, फक्त कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी उपक्रम चालवा असं कुणी म्हणालं, तर तो सीएसआरमध्ये बसत नाही.

"प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर चालणार नाही" असं सांगून आमच्या शिक्षिकेचा पगार कापला. हे बरोबर आहे का?

नाही. सीएसआरच्या नियमांतली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चाला आहे. प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा, त्यावर देखरेख ठेवण्याचा खर्च त्यातून वगळलेला आहे. स्वमग्न मुलांच्या कामात ताईचा पगार हाच प्रकल्प असतो. खेळणी, बोर्ड, चित्रांचे कार्ड्स हे सगळं तिच्या हाताखालचं साहित्य. एकदा नियमाचा कागद समोर ठेवून शांतपणे समजावून सांगा. समोरचे अधिकारी अनेकदा मनापासून ऐकतात, त्यांनाही ते कुणी सांगितलेलं नसतं.

बजेट कसं मांडायचं? आम्ही तर एकरकमी आकडा लिहितो.

एका दिवसापासून सुरुवात करा. समजा दहा मुलांचा शनिवारचा गट आहे. विशेष शिक्षिकेचं मानधन १,५०० रुपये. दोन मदतनीस, प्रत्येकी ५००. खोलीचं भाडं ६००. खाऊ ४००. वाड्यांवरून येणाऱ्यांची रिक्षा १,२००. साहित्य ३००. झाले ५,००० रुपये, म्हणजे एका मुलामागे एका शनिवारचे ५००. वर्षात ४० शनिवार धरले तर दोन लाख. त्यावर मदतनीसांच्या प्रशिक्षणाचे २०,००० आणि ऑडिटचे १५,००० धरा. एकूण २,३५,०००. तुमच्या गावात दर वेगळे असतील, पण मांडणी हीच ठेवा.

हे वाचणाऱ्याला प्रत्येक रुपया कुठे जातो ते डोळ्यांसमोर दिसतं. शिवाय त्याच्याकडे निम्मेच पैसे असतील तर तो वीस शनिवारांना हो म्हणू शकतो. "विविध कार्यक्रम : २,५०,०००" असं लिहिलेल्या अर्जाचं निम्मं कसं करणार?

रिक्षाभाडं कापू नका. अर्ज तपासताना मला सगळ्यात आधी खोडलेली दिसते ती हीच ओळ. प्रवासाची सोय नसेल तर गटात फक्त बाजारपेठेतली, दुचाकी असलेल्या घरांची मुलं येतात. गर्दीच्या एसटीत ज्याचा तोल सुटतो, त्या मुलाची आई दोन वेळा येते आणि मग यायची थांबते.

खाऊवर खर्च दाखवला तर हसतील का?

नाही. पण काय देणार ते लिहा. बऱ्याच मुलांना ठरावीक रंगाचं, ठरावीक कुरकुरीतपणाचंच अन्न चालतं. कुणाला फक्त साधा पांढरा भात, कुणाला विशिष्ट बिस्किट. सगळ्यांना एकच वडापाव वाटण्याऐवजी हे आधी पालकांना विचारलं आहे, असं एक वाक्य अर्जात असलं तर वाचणाऱ्याला कळतं की तुम्ही मुलांना ओळखता.

सेन्सरी रूमसाठी (प्रकाश, स्पर्श, आवाज यांतून मुलांना शांत करणारी खोली) मोठं अनुदान मिळतंय. घ्यावं का?

आधी विचारा, ती खोली चालवणार कोण. रंगीत दिवे, बबल ट्यूब, बॉल पूल बसवून उद्घाटन होतं आणि प्रशिक्षित ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजच्या कृती जमाव्यात म्हणून उपचार देणारे तज्ज्ञ) नसल्यामुळे वर्षभरात कुलूप लागतं. त्यापेक्षा शाळेतली एक खोली शांत करा. ट्यूबलाइटची गुणगुण थांबवा, खिडकीला जाड पडदा, जमिनीवर गादी, कोपऱ्यात जुन्या चादरीचा झोका, कान झाकायचे हेडफोन. एवढ्याने पुष्कळ मुलं निवांत होतात. थेरपिस्ट पगारावर असेल आणि दोन वर्षांची हमी असेल, तर मोठी खोली जरूर घ्या.

थेरपीसाठी पैसे मागताना काय जपायचं?

माणसांची पात्रता बघा. विशेष शिक्षक आणि स्पीच थेरपिस्ट यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे हवी. ऑक्युपेशनल थेरपिस्टची राज्यात वेगळी परिषद आहे. नोंदणी क्रमांक अर्जाला जोडा.

आणि "मुलाला बरं करतो" असं सांगणाऱ्या कुठल्याही गोष्टीसाठी सार्वजनिक पैसा मागू नका. स्वमग्नता हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे, आयुष्यभराचा. स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये उकळले गेलेले पालक मी पाहिले आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्येच स्वमग्नतेसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही असं सांगितलं आहे. बोलता न येणाऱ्या मुलाच्या हातात चित्रांचं पुस्तक किंवा टॅबलेट येऊन त्याने पहिल्यांदा "पाणी" मागितलं, तर तो बदल खरा आहे आणि तो स्वस्तात होतो.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नसलेल्या मुलांना घ्यायचं की नाही?

घ्या. सरकारी अनुदानात लाभार्थी म्हणून दाखवायला यूडीआयडी लागेल, पण देणगीच्या पैशांत तशी अट घालून घेऊ नका. प्रमाणपत्रासाठी स्वमग्नता मोजणारी आयसा नावाची ४० मुद्द्यांची चाचणी वापरतात, आणि ती करणारे तज्ज्ञ प्रत्येक तालुक्यात नसतात. जिल्हा रुग्णालयातल्या लवकर हस्तक्षेप केंद्रापर्यंत पालकांसोबत कुणीतरी जाणं, हासुद्धा अर्जात लिहिण्यासारखा उपक्रम आहे. त्या दिवसाची मजुरी बुडते, तिची भरपाई बजेटमध्ये धरा.

१८ वर्षांच्या पुढच्यांसाठी कुणी पैसे देतं का?

कमी जण देतात, आणि याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. लहान मुलाचा फोटो बघून हात खिशात जातो. पंचवीस वर्षांचा, दाढी आलेला, स्वतःशी पुटपुटत चालणारा तरुण बघून लोक रस्ता बदलतात. शाळा सुटल्यावर ही मुलं घरात बसतात आणि आईवडील म्हातारे होत जातात.

तुमच्या अर्जात मोठ्यांसाठी निदान एक दिवस असू द्या. कामाचा गट चालतो : पणत्या रंगवणं, मसाला पॅकिंग, कागदी पिशव्या, झेरॉक्स दुकानात दोन तास, रोपवाटिकेत पिशव्या भरणं. प्रत्येकाला काम आवडतं का ते बघा, आणि मोबदला त्याच्या खात्यात द्या. १८ नंतर कायदेशीर पालकत्वासाठी नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. त्याचं मार्गदर्शन शिबिर कमी खर्चाचं आणि फार गरजेचं आहे. पालकत्व प्रत्येकालाच लागतं असं नाही. जो तरुण स्वतःचे निर्णय थोड्या मदतीने घेऊ शकतो, त्याच्यावर ते लादू नका.

समितीवर कोण असावं?

पालक, शिक्षिका, आणि स्वतः स्वमग्न असलेली किमान एक प्रौढ व्यक्ती. ती बैठकीत बोलत नसेल तर लिहून देईल, व्हॉट्सअॅपवर सांगेल. "कार्यक्रमात टाळ्या वाजवू नका, मला पळून जावंसं वाटतं" हे तिच्याशिवाय तुम्हाला कोण सांगणार? तिच्या वेळेचं मानधन बजेटमध्ये धरा, इतर सल्लागारांना देता तसंच.

अमेरिकेतले नातेवाईक पैसे पाठवायला तयार आहेत. घेता येतील का?

त्यांचा पासपोर्ट कुठला ते बघा. भारतीय नागरिक परदेशात राहत असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलेल्यांची किंवा तिथल्या महाराष्ट्र मंडळाची रक्कम मात्र परदेशी देणग्यांच्या एफसीआरए कायद्यात येते. त्या नोंदणीसाठी सहसा संस्थेला तीन वर्षं पूर्ण हवीत आणि त्या काळात कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. पैसा स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या ठरावीक शाखेतच यावा लागतो. एफसीआरए असलेल्या मोठ्या संस्थेने तो घेऊन तुम्हाला द्यावा, हा मार्ग २०२० च्या दुरुस्तीनंतर बंद आहे. एका चुकीच्या व्यवहारापायी संस्था अडचणीत येऊ शकते, म्हणून घाई नको. ते नातेवाईक सुट्टीत आले की गटात दोन शनिवार बसले, तर तेही मोलाचं आहे.

आम्हाला संस्था-बिंस्था नको, आमच्या एकट्याच्या मुलासाठी मदत हवी आहे.

मग आधी यूडीआयडी काढा. नॅशनल ट्रस्टची निरामय योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण देते. त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, आणि थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेपर्यंत त्यात बसतो. मुदत संपायच्या आत नूतनीकरण करा. उत्पन्न कमी असेल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी करा. प्राप्तिकर भरणाऱ्या पालकांना जुन्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची वजावट मिळते, ८० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर १,२५,०००.

देणगीदार मुलांचे फोटो मागतात. काय करावं?

पालकांची लेखी संमती असेल तरच द्या, आणि मुलाला कॅमेरा नको असेल तर संमती असूनही देऊ नका. रडणाऱ्या, कान दाबून बसलेल्या मुलाचा फोटो कधीच नाही. हातांचे फोटो द्या, भिंतीवरच्या दिनक्रमाच्या चित्रांचे द्या, मुलाने रांगेत लावलेल्या गाड्यांचे द्या.

अहवालात काय लिहायचं?

जमाखर्च, व्हाउचर, सीएचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाले, असा दाखला) हे तर द्यावंच लागतं. त्याखेरीज किती मुलं नियमित आली, कोण गळालं आणि का, हे लिहा. "मुलांमध्ये लक्षणीय सुधारणा" या शब्दांतून कुणालाच काही कळत नाही. "जूनमध्ये दारातच थांबणारी मुलगी ऑक्टोबरपासून गोलात बसते, पण कोपऱ्यातलीच जागा लागते" हे कळतं.

अर्ज नाकारला गेला तर?

कारण विचारणारा दोन ओळींचा ईमेल पाठवा आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा. मधल्या काळात रोटरी, लायन्स, पतसंस्था, साखर कारखाना, गणेशोत्सव मंडळाची शिल्लक अशा लहान दारांवर जा. तिथे पूर्ण अनुदान मागू नका, चार-पाच शनिवार मागा. हॉल एकाने दिला, रिक्षा दुसऱ्याने, ताईचं मानधन तिसऱ्याने, असं करत गट चालू ठेवता येतो. चालू असलेल्या गटाला पैसे मिळवणं, कागदावरच्या गटापेक्षा फार सोपं असतं. पालकांकडूनही जमेल ती रक्कम घ्या, पण कुणी किती दिले हे खजिनदाराशिवाय कुणाला कळू देऊ नका.

अनुदान एका वर्षाचंच असतं. संपल्यावर मुलांना काय सांगायचं?

नवव्या महिन्यातच पुढच्या वर्षाची तजवीज सुरू करा. तरीही जुळलं नाही तर गट एकदम बंद करू नका. ठरलेला वार अचानक नाहीसा होणं यातल्या अनेकांना फार जड जातं. आधी आठवड्याऐवजी पंधरवड्याने घ्या, कॅलेंडरवर शेवटचा दिवस मुलांना दिसेल असा खुणेने दाखवा, आणि त्या दिवशी नेहमीचाच क्रम ठेवा, निरोप समारंभ नको. ताईंचा फोन नंबर पालकांकडे राहू द्या. एवढ्या तयारीसाठी शेवटच्या दोन महिन्यांचा खर्च मूळ बजेटमध्येच वेगळी ओळ करून मागून ठेवा.